खिडकीबाहेर न पाहणारा

जर्मनांबद्दल आमच्या घरात एकच वाक्य होतं, तेही अण्णांचं. "जर्मन लई चिवट. हटायचं नावच न्हाई."

अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. गाव सातारा जिल्ह्यातलं, नोकरी पाचव्या मराठा पलटणीत, आणि तरुणपणाची दोन वर्षं इटलीत. लढाईबद्दल ते बोलायचे नाहीत. बोलायचे चिखलाबद्दल, तिकडच्या चेस्टनटबद्दल, जे भाजलं की "आठळीगत" लागायचं, आणि एका म्हातारीबद्दल, जिने त्यांचे भिजलेले मोजे चुलीवर वाळत घातले आणि त्यातला एक जाळून टाकला. समोर कोण होतं, असं विचारलं की वरचं वाक्य यायचं आणि हात चंचीकडे जायचा. विषय बंद.

तो न हटणारा जर्मन मला पुढे पुस्तकांत भेटला. नाव फ्रिडोलिन फॉन झेंगर उंड एटरलिन. एवढं नाव म्हणजे रेल्वेची आख्खी बोगीच. आपण नुसतं झेंगर म्हणू. माँते कॅसिनोच्या डोंगरापाशी १९४४ साली दोस्त सैन्याची रोमकडची वाट अडवून बसलेल्या चौदाव्या पॅन्झर, म्हणजे रणगाड्यांच्या, कोअरचा हा सेनापती. जर्मन जनरल म्हटलं की आपल्याकडे रोमेलच्या पुढे सहसा कुणी जात नाही. वाळवंट, गॉगल, धूळ उडवत जाणारे रणगाडे. झेंगरपाशी तसलं काहीच नाही. हडकुळा, लांब नाकाचा, कॅथलिक, ऑक्सफर्डला शिकलेला आणि मनातून हिटलरचा तिटकारा करणारा माणूस.

त्याची पहिली गोष्ट मी वाचली ती खिडकीची.

कॅसिनो गावाच्या डोक्यावर, समुद्रसपाटीपासून पाचशेहून जास्त मीटर उंचीवर, संत बेनेडिक्टचा मठ आहे. स्थापना ५२९च्या सुमाराची. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या साडेसातशे वर्षं आधी. अजिंठ्याच्या शेवटच्या लेण्यांतल्या कारागिरांची नातवंडं तेव्हा हिंडती-फिरती असतील. मठाच्या खिडकीतून लिरी नदीचं सगळं खोरं आणि रोमला जाणारा सहा नंबरचा रस्ता तळहातासारखा दिसतो. अशा जागी उभं राहिल्यावर कुठला सैनिक खाली नजर टाकणार नाही? पण मठ तटस्थ ठरवलेला होता, आत सैनिकांना मज्जाव होता. १९४३च्या नाताळात झेंगर तिथे उपासनेला गेला. आणि गेला तेव्हा खिडकीतून बाहेर बघायचं त्याने मुद्दाम टाळलं. सेनापतीने इथून नुसतं पाहिलं तरी ती टेहळणीच झाली, आणि मठाची तटस्थता मोडली, असा त्याचा हिशेब.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. कारण त्याच डोंगराच्या उतारावर, मठापासून थोड्या अंतरावर, त्याचेच सैनिक दगडांत मोर्चे खणून बसलेले होते. आसपासच्या प्रत्येक टेकडीवरून त्याच्या माणसांना खोरं दिसत होतंच. मग या एका खिडकीने काय बिघडणार होतं? देवळाच्या पायरीशी चप्पल काढून ठेवावी तसं युद्ध बाहेर काढून ठेवायचं, दर्शन घ्यायचं, आणि परत येऊन तेच पायात घालायचं. पण चप्पल काढून ठेवणारा माणूस ढोंगी असतो असं मी कधी म्हटलेलं नाही, हेही लगेच आठवलं. तेव्हापासून हा गृहस्थ डोक्यातून जात नाही.

जन्म ४ सप्टेंबर १८९१चा, स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या वाल्ड्सहूट गावातला. १९१२ साली ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला. सेसिल ऱ्होड्सने आपल्या मृत्युपत्रात जर्मन मुलांसाठी वर्षाला पाच जागा ठेवल्या होत्या, निवड कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने करायची. म्हणजे इंग्रज आणि जर्मन एकत्र शिकले की पुढे लढाई होणार नाही! दोन वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं आणि हा मुलगा समोरच्या बाजूच्या खंदकात होता.

त्या युद्धातला एक प्रसंग. १९१७ साली कॅम्ब्रेजवळ त्याचा धाकटा भाऊ मारला गेला. मढी एका सामुदायिक खड्ड्यात पुरली होती. झेंगर तिथे गेला आणि स्वतः खणत, मृतदेहांच्या थरांतून भावाला शोधून बाहेर काढलं. यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे असलं काही मी म्हणणार नाही. एवढंच की युद्ध म्हणजे काय हे ज्याला हाताने माहीत होतं, तोच माणूस युद्ध संपल्यावर घोडदळात राहिला. १९३४ साली जर्मनीतल्या प्रत्येक सैनिकाकडून देशाच्या नाही, हिटलरच्या नावाने शपथ घेतली गेली. सेनेतल्या सगळ्यांनी घेतली, यानेही घेतली.

फ्रान्सची मोहीम, मग इटालियनांबरोबर तहाच्या कमिशनवर तुरिनमध्ये दोन वर्षं, हा भाग मी भराभर उलटते. १९४२च्या डिसेंबरात तो रशियात होता, सतराव्या पॅन्झर डिव्हिजनचा प्रमुख. स्टालिनग्राडमध्ये कोंडलेल्या सहाव्या सैन्याला सोडवायला दक्षिणेकडून जी धडक मारली, तीत त्याची डिव्हिजन होती. मिश्कोवा नदीपर्यंत ते पोचले. पुढचे पन्नासेक किलोमीटर काही पार झाले नाहीत. बर्फ, तेलाचा तुटवडा, रशियन रणगाडे. मागे फिरावं लागलं.

आणि मग कॉर्सिका.

सप्टेंबर १९४३मध्ये इटलीने दोस्तांशी तह केला आणि कालचे मित्र एका रात्रीत हिटलरच्या लेखी गद्दार झाले. सार्डिनिया आणि कॉर्सिका बेटांवरचं जर्मन सैन्य मुख्य भूमीवर आणायची कामगिरी झेंगरकडे होती. त्या गडबडीत त्याच्या ताब्यात सुमारे दोनशे इटालियन अधिकारी आले. वरून हुकूम आला, गोळ्या घाला. झेंगरने आपला वरिष्ठ केसेलरिंगला कळवलं की हे मी करणार नाही. आणि त्या अधिकाऱ्यांना त्याने बोटीत घालून मुख्य भूमीकडे रवाना केलं.

त्याला काय शिक्षा झाली? काही नाही. हा तपशील मी तीनदा तपासला, कारण यातच सगळी मेख आहे. नंतरच्या खटल्यांत प्रत्येक जर्मन अधिकारी हेच सांगत होता की हुकूम मोडला असता तर माझं डोकं उडालं असतं. इथे मोडला, आणि ऑक्टोबरात माणसाला कोअर मिळाली, म्हणजे बढतीच. त्याच सप्टेंबरात ग्रीसच्या केफालोनिया बेटावर तशाच इटालियनांसाठी तसाच हुकूम आला होता. तिथल्या जर्मनांनी तो पाळला. हजारो माणसं शरण आल्यावर मारली गेली.

तर असा माणूस कॅसिनोला आला आणि काय केलं? उत्तम काम केलं. भयंकर उत्तम. जानेवारीत अमेरिकनांच्या टेक्सासच्या डिव्हिजनने रात्री नदी ओलांडायचा प्रयत्न केला. दोन दिवसांत तिची सुमारे सतराशे माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली, आणि पलीकडच्या जर्मनांना हा मोठा हल्ला होता हे धड कळलंही नाही. झेंगर खंदकाखंदकांतून फिरायचा, कुठली बटालियन दमली आहे हे बघून तेवढीच पटकन बदलायचा, कमी माणसांत जास्त डोंगर धरायचा. आणि तो हे करत होता जर्मनी हरणार आणि हरायलाच हवी, अशी मनाशी खूणगाठ बांधून.

१५ फेब्रुवारी १९४४ची सकाळ. चौथ्या हिंदी डिव्हिजनला त्या डोंगरावर चढायचं होतं. तिचा सेनापती टकर याने हट्ट धरला की वरचा मठ आधी पाडा. त्या भिंतींआड जर्मन नाहीत याची खात्री कोण देणार? आज नसले तरी उद्या असतील. मला हा हट्ट चुकीचा वाटत नाही. खाली चिखलात बसलेल्याला वरची प्रत्येक खिडकी म्हणजे डोळाच. झेंगर त्या खिडकीतून पाहत नाही, हे त्याला कोण सांगणार? सांगितलं तरी विश्वास कोण ठेवणार? दोनशेहून जास्त बॉम्बफेकी विमानं आली. दुपारपर्यंत मठाची तळघरं आणि जाड बुंधे उरले. आत जर्मन सैनिक नव्हते. आसरा घेतलेले गावकरी होते; त्यांतले सुमारे २३० मेले.

आणि बॉम्ब टाकले १५ला, हिंदी डिव्हिजनचा मुख्य हल्ला १७च्या रात्री. मधल्या वेळात जर्मन छत्रीसैनिक ढिगाऱ्यात शिरले. आता तटस्थता पाळायला मठच उरला नव्हता, आणि पडलेल्या भिंतींसारखा मोर्चा दुसरा नाही. राजपुताना रायफल्सचे आणि गुरख्यांचे लोक त्या उतारावर काटेरी झुडपांत आणि सुरुंगांत अडकून मेले.

मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे ऐंशीला टेकलेला होता. १७ तारखेला उरलेल्या लोकांना घेऊन, मोठा लाकडी क्रूस पुढे धरून, तो डोंगर उतरला. झेंगरने त्याला आपल्या ठाण्यावर आणवलं, झोपू दिलं, खाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी आकाशवाणीसाठी त्याची मुलाखत घेतली. मठात जर्मन सैनिक नव्हते, हे म्हाताऱ्याच्याच तोंडून वदवून घेतलं. विधान खरं होतं. म्हाताऱ्याला मोटारीत बसवून रोमला धाडलं, तर वाटेत गोबेल्सच्या माणसांनी त्याला गाठलं, पुन्हा माइकसमोर बसवलं, पुन्हा तेच बोलायला लावलं. झेंगर यावर फार चिडला होता. मला मात्र वाटतं, पहिला माइक त्याच्या समोर ठेवला कोणी? खरं बोलणाराच प्रचाराला जास्त उपयोगी पडतो, हे ऑक्सफर्डला शिकलेल्या माणसाला कळू नये?

हे सगळं मी एकदा माझ्या मैत्रिणीला सांगत होते. ती संस्कृत शिकवते. ती म्हणाली, "म्हणजे भीष्म." प्रत्येक मराठी माणूस अशा वेळी भीष्मच म्हणतो, मीही म्हटलं होतं. पण भीष्माने युधिष्ठिराला निदान स्पष्ट सांगितलं होतं, माणूस पैशाचा दास असतो, आणि कौरवांनी मला पैशाने बांधलं आहे. मला झेंगर विकर्ण वाटतो. दुर्योधनाचा भाऊ. द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा भीष्म, द्रोण, विदुर असताना, हे चूक आहे असं उभं राहून म्हणणारा कौरवांतला तो एकटा. आणि पुढे युद्ध जुंपल्यावर गुपचूप दुर्योधनाच्याच बाजूने लढला. भीमाने त्याला मारला आणि मारल्यावर त्याला वाईट वाटलं. युयुत्सु बाजू बदलून पांडवांकडे गेला; विकर्ण गेला नाही. आपण कीर्तनातसुद्धा विकर्णाला दोन मिनिटांपलीकडे जागा देत नाही. त्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नसावं.

एप्रिलमध्ये झेंगरला हिटलरने भेटीला बोलावलं. कॅसिनो राखल्याबद्दल पदक. ज्याच्या पराभवाची वाट बघायची, त्याच्याच हातून शौर्याचं पदक घ्यायचं. ११ मेच्या रात्री दोस्तांच्या तोफा एकदम सुरू झाल्या तेव्हा कॅसिनोचा रक्षक जागेवर नव्हता; त्याच दौऱ्याला जोडून तो रजेवर होता. परत आला तोवर फ्रेंचांच्या मोरोक्कन तुकड्या भलत्याच डोंगरातून आत घुसल्या होत्या. १८ मेला पोलिश सैनिकांनी मठाच्या ढिगाऱ्यावर झेंडा लावला.

अण्णाही त्या मे महिन्यात तिथेच होते, आठव्या हिंदी डिव्हिजनमधून. इथे मला एक छान योगायोग जुळवता आला असता. पण नकाशा काढून बघितलं तर आठव्या डिव्हिजनच्या समोरचा पट्टा तोवर शेजारच्या जर्मन कोअरकडे गेला होता. अण्णा आणि झेंगर समोरासमोर आलेच नाहीत. अण्णांना न हटणारा जो जर्मन दिसला तो दुसराच कुणीतरी, बहुधा त्यांच्याच वयाचा, मोजे भिजलेला.

पुढचं एक वर्ष झेंगर मागे हटत हटत लढला. बोलोन्याच्या डोंगरात आणखी एक हिवाळा काढला. हटायचं नावच न्हाई, हे अण्णांचं वाक्य तसं अर्धंच खरं. पण प्रत्येक डोंगराची किंमत वसूल करून हटायचे. कॅसिनोपासूनच्या या सगळ्या महिन्यांत रोमजवळच्या आर्देआतिन खाणीत ३३५ माणसं गोळ्या घालून मारली गेली, मार्झाबोत्तोच्या परिसरात सातशेहून अधिक गावकरी मारले गेले, पोलंडमधल्या छावण्यांच्या भट्ट्या चालू राहिल्या. ही झेंगरची कृत्यं नव्हेत. पण आघाडी जितके दिवस टिकली तितके दिवस या गोष्टींना मिळाले, आणि आघाडी टिकवणं हे त्याचं काम होतं. जुलैमध्ये हिटलरवर बॉम्ब ठेवला गेला, त्या कटात तो नव्हता.

४ मे १९४५ला फ्लॉरेन्समध्ये जनरल मार्क क्लार्कपुढे इटलीतल्या जर्मन सैन्याच्या वतीने तोच उभा राहिला, शरणागतीचे हुकूम घ्यायला. इंग्रजी उत्तम येत होतं, हेही एक कारण असेल. मग वेल्समधल्या ब्रिजेंडची छावणी. १९४८ला सुटला आणि चक्क शाळेत नोकरीला लागला, झालेमच्या निवासी शाळेत. वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर लष्करी विषयांवर बोलायचा. आत्मचरित्र लिहिलं. इंग्रजांना ते फार आवडलं, न आवडून सांगतं कुणाला: त्यांच्याच कॉलेजात शिकलेला, हरलेला, सभ्य शत्रू.

आणखी एक मठ त्याच्या आयुष्यात आला, त्याचा उल्लेख मात्र त्याचे चाहते पटकन उरकतात. ऑक्टोबर १९५०, आयफेलच्या टेकड्यांतला हिमेरोड मठ. नवं जर्मन सैन्य कसं उभारावं याची टाचणं करायला पंधरा जुने अधिकारी गुपचूप जमले. झेंगर त्यांत होता. त्या टिपणात एक अट अशी होती की जुन्या सैन्याची बदनामी थांबवा आणि शिक्षा झालेल्या सैनिकांना सोडा. सैन्य स्वच्छ होतं, घाण सगळी बाकीच्यांची, ही पुढे वीस-तीस वर्षं चाललेली गोष्ट अशाच खोल्यांत शिजली. आणि ती पटायला झेंगरसारखी माणसं हवीच होती. दोनशे इटालियन खरोखर वाचवलेला एक माणूस टेबलाशी बसला की बाकीच्या चौदांचे हातही धुतलेले दिसतात.

इतकं सगळं मी त्याच्याविरुद्ध जमवलं आणि मग एकदा आजोबांनी मला घरचाच हिशेब दाखवला. बोलता बोलता, सहज. अण्णा इटलीत होते त्याच वर्षांत आमच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. शेणोलीला पगाराची रेल्वे १९४३च्या जूनमध्ये लुटली गेली. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे. रात्री भाकरीचं गाठोडं उसाच्या फडात नेऊन ठेवायचे, कोण खातं ते विचारायचं नाही. आणि त्याच घरात दर महिन्याला इंग्रज सरकारची मनिऑर्डर यायची, अण्णांच्या पगाराची. त्या पैशांतून आणलेल्या जोंधळ्याच्या भाकरी उसात जायच्या.

"मग अण्णांना कळवलं नाही तुम्ही? इकडे काय चाललंय ते?"

"पत्रं फोडून बघायचे. आणि कळवून करणार काय तो? सोडून येणार कसा, मधी समुद्र."

शिपाई आणि जनरल एका मापाने मोजू नयेत, हे मला समजतं. ब्रिटिश सरकार आणि हिटलर एक नव्हेत, हेही. झेंगरला समुद्र आडवा नव्हता. वाल्ड्सहूटच्या घरापासून स्वित्झर्लंड म्हणजे ऱ्हाइनचा एक पूल. तरीही त्या दिवसापासून मी त्याच्याबद्दल बोलताना आवाज थोडा खाली घेते.

परवाच्या उन्हाळ्यात रोमला जाणं झालं तेव्हा कॅसिनोची गाडी पकडली. दोनेक तासांचा प्रवास. स्टेशनवरून मठाकडे जाणारी बस वळणं घेत चढते. वाटेत पोलिश दफनभूमी दिसते, उतारावर पांढरी शुभ्र. मठ होता तसाच परत बांधलाय, दगड जरा जास्तच स्वच्छ आहेत. १९६४ साली पोपनी येऊन त्याची पुन्हा प्रतिष्ठापना केली. झेंगर आदल्याच वर्षी, १९६३च्या जानेवारीत, फ्रायबुर्गला वारला होता. आत भिंतीशी उभं राहून मी खाली बघितलं, सगळेच बघत होते, फोन पुढे धरून. हमरस्ता, त्यावरचे ट्रक, कारखान्यांची पत्र्याची छपरं. नदी शोधायला वेळ लागला. झाडीची एक बारीक रेघ आहे. अण्णांनी तिचं वर्णन केलं होतं ते आपल्या कृष्णेएवढं.

उतरल्यावर खालच्या ब्रिटिश दफनभूमीत गेले. हिंदी सैनिकांच्या शिळांपाशी पोचले तेव्हा माळी यंत्राने गवत कापत येत होता. मी मधेच उभी होते. त्याने यंत्र बंद केलं नाही, नुसतं थांबून माझ्याकडे बघितलं. मी बाजूला झाले. तो तेवढी पट्टी कापून पुढच्या रांगेकडे वळला.